कडा दिसल्या पाहिजेत: सीमाभागातील एका सार्वजनिक कलासंग्रहाचे कोलाज दालन

बेळगाव परिसरातील एका सार्वजनिक कलासंग्रहाने आपल्या साठ्यातील कोलाज (कागद, कापड वगैरेंचे तुकडे चिकटवून केलेली चित्रे) आणि मिश्र माध्यमातील कामे वेगळी काढून त्यांचे स्वतंत्र दालन केले आहे आणि ते पाहण्यासारखे आहे, हे आधीच सांगून टाकतो. दालन लहान आहे, सगळी कामे सारख्या तोलाची नाहीत, मांडणीत ढोबळ चुका आहेत आणि त्यांतील एक चूक तर अशी आहे की तिच्यामुळे कोलाजमध्ये जे पाहायचे तेच झाकले जाते. तरीही तीन-चार कामे अशी आहेत की त्यांच्यासाठी खानापूर, निपाणी किंवा चिकोडीहून बसभाडे खर्चून यावे. संग्रहाचे नाव येथे देत नाही. तो सांभाळणारी माणसे मोजकी आहेत, निधी तुटपुंजा आहे, आणि पुढे ज्या तक्रारी केल्या आहेत त्यांचे खापर त्यांच्यापैकी कोणाच्या डोक्यावर फुटू नये असे वाटते. चित्रे बघत फिरणाऱ्यांना ओळख पटेलच. कलाकारांची नावे दालनातील पाट्यांवर आहेत. येथे बोलायचे आहे ते कामांविषयी.

बेळगावच्या चित्रकलेचा विषय निघाला की प्रथम के. बी. कुलकर्णी यांचे नाव येते आणि पाठोपाठ त्यांचे शिष्य रवी परांजपे यांचे. रेखाटनाची शिस्त, व्यक्तिचित्रातील साम्य, निसर्गचित्रातील उजेड ही या परंपरेची ओळख आहे, आणि शेजारचे कोल्हापूर घेतले तर तेथेही बाबूराव पेंटर यांच्या काळापासून यथार्थदर्शनाचाच दबदबा राहिला आहे. अशा मुलखात कागदाचे तुकडे चिकटवून केलेल्या कामाला चित्र म्हणायला लोक नाखूष असतात. ‘हे तर शाळेतले चिकटकाम’ हा शेरा मी याच दालनात, एका सुशिक्षित गृहस्थांच्या तोंडून ऐकला. शेरा अगदीच खोटा आहे असेही नाही. संग्रहातील बरीच कामे शाळांतून चित्रकला शिकवणाऱ्या, मुलांकडून लोअर आणि हायर ग्रेडच्या परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकांची आहेत, आणि घोटीव कागद, डिंक व कात्री ही त्यांच्या रोजच्या हाताखालची साधने. प्रश्न साधनाचा नसून, चिकटवलेला तुकडा तेथे का आहे याचा आहे.

१९१२ साली पॅरिसमध्ये पिकासोने एका लंबवर्तुळाकार चित्रावर वेताच्या विणीची छपाई असलेले मेणकापड चिकटवले आणि भोवती चौकटीऐवजी दोरखंड लावला. त्याच वर्षी त्याचा चित्रकार मित्र ब्राक याने लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद कापून आपल्या कोळशाच्या रेखाटनात बसवला. दोघांनी घेतलेली वस्तू बाजारातली, स्वस्त आणि नकली होती. वेत नव्हे तर वेताची छपाई, लाकूड नव्हे तर लाकडाची छपाई. रंगवलेली वस्तू आणि खरी वस्तू या दोहोंच्या मध्ये ही तिसरीच गोष्ट येऊन बसली, आणि ती कोठे सुरू होते व कोठे संपते हे फक्त कापलेल्या कडेवरून कळते. म्हणून कोलाज पाहताना मी सर्वांत आधी कडा पाहतो. ती कात्रीने कापली आहे की हाताने फाडली आहे, उचललेली आहे की दाबून बसवलेली आहे, रंगाचा हात तिच्यावरून पुढे गेला आहे की तिच्यापाशी थांबला आहे, एवढे पाहिले तरी कलाकाराने विचार किती केला आणि सजावट किती केली याचा अंदाज येतो. या दालनातील कामे मी याच कसोटीला लावली.

दालनातील सर्वांत मोठे आणि माझ्या मते सर्वांत चांगले काम जमिनीच्या कागदपत्रांचे आहे. दोन्ही हात पसरले तर मावेल एवढ्या रुंदीच्या फळीवर कागदांचे तीन थर आहेत. तळाला मोडी लिपीतील जुने कागद, त्यांवर मुंबई सरकारच्या काळातील मुद्रांक आणि मराठी खरेदीखतांचे तुकडे, आणि सर्वांत वर संगणकावर छापलेल्या कन्नड पहाणीपत्रकांच्या, म्हणजे सातबारासारख्या जमिनीच्या उताऱ्यांच्या, पट्ट्या. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, हे ज्यांना घरातील ट्रंकेतल्या कागदांमुळे माहीत आहे त्यांना या तीन थरांचा क्रम कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. येथे घोषणा करण्याचा मोह किती मोठा असतो हे आपण सारे जाणतो. कलाकाराने तो पूर्ण टाळला आहे. ना झेंडा, ना नकाशावरची लाल रेघ, ना कोणाचा चेहरा. एकच शेत तीन लिप्यांत लिहिले गेले आहे, एवढेच त्यांना दाखवायचे आहे, आणि ते दाखवण्याचे काम त्यांनी कडांवर सोपवले आहे.

मोडीचे कागद हाताने फाडलेले आहेत. हातकागदाचे तंतू लांब असल्यामुळे फाटताना त्याची कड केसाळ होते आणि शाईच्या काळ्या ओळीनंतर पांढुरक्या तंतूंची एक अरुंद पट्टी उरते. मोडीत आधी आडवी रेघ मारून मग तिला अक्षरे लटकवत नेण्याची रीत असल्यामुळे फाटलेल्या जागी रेघ तुटते, आणि बाजूच्या तुकड्यावर ती किंचित खाली पुन्हा सुरू झालेली दिसते. मुद्रांकाचे कागद मात्र यंत्रावर बनलेले, आखूड तंतूंचे. त्यांची फाटकी कड बोथट आहे. पहाणीपत्रकांच्या पट्ट्या तर ब्लेडने सरळ कापल्या आहेत, आणि त्या ज्या काटेकोरपणे एकमेकींना टेकवल्या आहेत त्यातच सरकारी दफ्तराची सगळी शिस्त आली. तीन काळ, तीन प्रकारचे कागद, तीन प्रकारच्या कडा. मध्यभागी एका सर्व्हे नंबरचा आकार काळ्या दोऱ्याने शिवून काढला आहे, आणि पोटहिस्से पडलेल्या ठिकाणी दोरा दुपटी होतो.

उजव्या कोपऱ्यात खाली एक गोष्ट आहे, जी लांबून पाहणाऱ्याला दिसणारच नाही. एका खरेदीखतावर कचेरीचा जांभळा गोल शिक्का होता. कागद फाडताना तो निम्मा गेला. उरलेला अर्धगोल कलाकाराने शेजारच्या कोऱ्या कागदावर ब्रशने, त्याच फिकट जांभळ्या रंगात पुरा केला आहे, रबराच्या शिक्क्याची शाई जशी एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ उमटते तशी ती विरळही केली आहे. हातभर अंतरावरून शिक्का अखंड वाटतो. नाक काचेला लागेपर्यंत जवळ गेले की दोन अर्धांच्या मधून जाणारी फाटक्या कागदाची पांढरी रेघ दिसते आणि खरा अर्धा कोणता, रंगवलेला अर्धा कोणता, हे एकदम उलगडते. बेळगावच्या परंपरेतील रेखाटनाचा कस असलेला हात येथे अगदी वेगळ्या कारणासाठी राबला आहे. जे लोक कोलाजला हातचलाखी म्हणतात त्यांना मी या कोपऱ्यासमोर उभे करीन.

बसच्या तिकिटांचे काम आकाराने वहीच्या पानाएवढे आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतील हानोफर शहरात कुर्ट श्विटर्सने ट्रामची तिकिटे, पाकिटांचे तुकडे आणि रस्त्यावर सापडलेले कागद चिकटवून चित्रे केली आणि १९१९ पासून त्यांना ‘मेर्त्स’ हे स्वतःच घडवलेले नाव दिले, त्या घराण्यातील हे काम आहे. येथे तिकिटे दोन राज्यांच्या बसगाड्यांची आहेत. कंडक्टर पेटीतून फाडून, चिमट्याने भोक पाडून देत असे ती जुनी रंगीत तिकिटे एका बाजूला आणि अलीकडच्या यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पट्ट्या दुसऱ्या बाजूला, अशी रचना आहे. जुन्या तिकिटांच्या भोकांतून खालचा गडद निळा रंग ठिपक्याठिपक्यांनी दिसतो आणि कागल ते कोगनोळी हा पाच-दहा मिनिटांचा प्रवास डोळ्यांपुढे उभा राहतो. यंत्राच्या पट्ट्या मात्र जवळजवळ कोऱ्या झाल्या आहेत. अशा तिकिटांवर शाई नसतेच. कागदावरचा लेप उष्णतेने काळा होतो आणि उजेड, ऊब किंवा डिंकातील द्रव्ये लागली की ती अक्षरे काही वर्षांत उडून जातात. कलाकाराला हे माहीत होते आणि अक्षरे पुसली जावीत हीच त्याची योजना होती, की ही नुसती हानी आहे, हे पाटीवर लिहायला हवे होते. योजना असेल तर काम फार चांगले आहे. हानी असेल तर ते निम्मे गेले.

खणाच्या कापडाच्या तुकड्यांची जी तीन मोठी कामे प्रवेशद्वारासमोर लावली आहेत ती मला मुळीच पटली नाहीत. गुळेदगुड्डचा खण, इरकलीचा पदर आणि शहापूर-वडगावच्या मागावरच्या साड्यांचे काठ हे सारे मुळात इतके देखणे आहे की ते कसेही लावले तरी बरे दिसते, आणि नेमका तोच त्यातील धोका. कापडाच्या कडा आत दुमडून, वरून सोनेरी दोरी लावून लपवल्या आहेत. मधोमध कुंकू लावलेल्या बाईचा चेहरा आहे, डोळे मोठे, नथ ठसठशीत. खणाच्या जागी खणाचे हुबेहूब चित्र रंगवले असते तरी या कामांत काडीचाही फरक पडला नसता. लोक मात्र याच कामांसमोर फोटो काढतात, आणि दालनाच्या जाहिरातीवरही त्यांतलेच एक आहे. लग्नपत्रिकांवरील सोनेरी गणपती कापून केलेल्या कामांविषयी याहून वेगळे लिहिण्यासारखे नाही. देवांची छापील चित्रे घेऊनही किती तिखट काम करता येते हे चित्रकार भूपेन खक्कर यांनी १९६० च्या दशकातील सुरुवातीच्या कोलाजमध्ये दाखवून दिले होते. तो तिखटपणा येथे कोणाला नको होता असे दिसते.

याउलट चामड्याचे काम पाहून मी थक्क झालो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जे भौगोलिक मानांकन मिळाले त्यात महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजयपूर हे चार जिल्हेही आहेत, आणि अथणी-निपाणीकडे चपला करणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तळ कापून झाल्यावर चामड्याचे जे अर्धचंद्राकार तुकडे उरतात, ते या कलाकाराने फळीवर खिळ्यांनी ठोकले आहेत. पावलाचा आकार कोठेही नाही. पावलाभोवतीची उरलेली जागा मात्र सगळीकडे आहे. चामडे जाड असल्यामुळे प्रत्येक तुकड्याच्या कडेची सावली खालच्या तुकड्यावर पडते आणि ती सावलीच चित्रातील रेघ होते. झाडाच्या सालींनी कमावलेल्या चामड्याचा रंग उजेडात हळूहळू गडद होत जातो, त्यामुळे आत दबलेले भाग फिके आणि वरचे भाग खारकेच्या रंगाचे झाले आहेत. अहमदाबादच्या पिराजी सागरा यांनी जुने लाकूड, पत्रे आणि खिळे घेऊन केलेली कामे, किंवा जेराम पटेल यांनी ब्लोटॉर्चने जाळलेल्या लाकडाची कामे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या फळीचे नाते कोठे लागते ते कळेल. पण ही नक्कल नाही. येथील खिळे मोचीकामातले, बारीक आहेत, आणि ते ज्या अंतराने ठोकले आहेत ते अंतर चपलेच्या शिलाईचे आहे.

निपाणीच्या तंबाखूवरील काम तेंदूच्या पानांचे आणि विड्यांच्या बंडलांवरील छापील लेबलांचे आहे. १९८१ सालच्या तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनामुळे निपाणीचे नाव देशभर झाले. या चित्रात मात्र शेतकरी नाहीत, विड्या वळणाऱ्या बायकांची बोटे आहेत, आणि तीही पानांच्या कापांमधून सुचवलेली. कल्पना उत्तम. दुर्दैवाने बरीच पाने चुरून काचेच्या तळाशी साचली आहेत.

एका कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या कागदकामांची लहानशी रांग आहे. कात्रीने एका दमात कापलेली म्हैस, पाणी शेंदणारी बाई, पावसात इरले पांघरून वाकलेला खानापूरकडचा भातशेतकरी. ही पाहताना चित्रकार बिनोद बिहारी मुखर्जी यांची आठवण अपरिहार्यपणे होते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांची दृष्टी गेली, आणि त्यानंतर त्यांनी रंगीत कागद कापून व चिकटवून केलेली कामे ही आपल्या देशातील कोलाजची सर्वांत निर्भेळ उदाहरणे आहेत, कारण त्यांत कड ही बोटाने जाणलेली कड आहे. येथील कागदकामे त्या उंचीची नाहीत, पण इरल्याच्या चित्रात पाठीची वाक एकाच कापात आली आहे आणि ती पुन्हा दुरुस्त केलेली नाही, एवढ्यासाठी मी त्या चित्रापुढे बराच वेळ थांबलो. त्याच रांगेच्या शेवटी वाळू, कापलेले कागद आणि वाकवलेली तार वापरलेले एक काम आहे. मुंबईच्या गोरेगावात जन्मलेले आणि पुढे न्यूयॉर्कला स्थायिक झालेले मोहन सामंत हे अशी साधने मोठ्या हिमतीने एकत्र आणीत; त्यांचा प्रभाव येथे उघड आहे आणि कलाकाराने तो लपवलेलाही नाही. तार मात्र वाळूपासून सुटली आहे आणि एका ठिकाणी गंजाचा डाग पडला आहे.

आता मांडणीविषयी. सुरुवातीला ज्या चुकीचा उल्लेख केला ती अशी की जवळजवळ सर्व कामे साध्या, चकाकणाऱ्या काचेखाली, कागदाला काच टेकलेल्या स्थितीत आणि डोळ्यांच्या पातळीच्या बरीच वर लावली आहेत, आणि छतावरील नळीदिव्यांचा उजेड त्यांच्यावर सरळ समोरून पडतो. त्यामुळे सावली मरते, उचललेली कड दिसत नाही आणि पाहणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. चामड्याच्या कामाला काच नाही म्हणूनच ते एवढे उठून दिसते. तैलरंगातील व्यक्तिचित्र समोरच्या उजेडात चालून जाते, कोलाजला बाजूने येणारा मंद उजेड लागतो. यासाठी फार मोठा खर्चही नाही. नळीदिवे बंद करून दोन्ही बाजूंच्या भिंतींवर तिरपे दिवे लावले आणि कामे वीतभर खाली घेतली तरी दालनाची कळा बदलेल. उजेड कमी झाल्याने दिसणार नाही ही भीतीही अनाठायी आहे. कागद आणि कापड यांच्यासाठी संग्रहालयांत साधारण ५० लक्स एवढाच उजेड पुरेसा धरतात, आणि जास्त उजेडाने वर्तमानपत्री कागद पिवळा पडण्याचा वेग वाढतो हे आपण घरातील कात्रणांवरून जाणतोच.

काच टेकवण्याचे दुष्परिणाम नुसत्या पाहण्यापुरते नाहीत. बेळगाव-खानापूरचा पावसाळा लांबतो, भिंती महिनोन्‌महिने ओल धरतात, आणि काचेला चिकटलेल्या कागदावर ती ओल अडकून बुरशीचे तपकिरी ठिपके उठतात. अथणीच्या कोरड्या हवेत केलेले आणि तेथे वर्षानुवर्षे निर्धास्त राहिलेले काम येथे आणल्यावर दोन-तीन पावसाळ्यांत फुगते, याचे कारण हेच. मुद्रांकांच्या कामाभोवतीचा माउंट, म्हणजे मधे खिडकी कापलेली पुठ्ठ्याची चौकट, साध्या करड्या पुठ्ठ्याचा असावा, कारण त्याच्या खिडकीच्या कडेने तपकिरी रेघ उमटू लागली आहे. पुठ्ठ्यातील आम्ल कागदात उतरल्याची ती खूण. आम्लरहित माउंट आता कोल्हापूर-पुण्याच्या फ्रेमवाल्यांकडे मागवून मिळतो. तो थोडा महाग पडतो हे खरे, पण माउंट आणि काच यांच्या मधे बारीक पट्टी घालून जागा सोडण्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

चिकटद्रव्यांचा प्रश्न याहून अवघड आहे आणि त्याचा दोष संग्रहाकडे जात नाही. जुन्या पिढीतील कलाकारांनी बाइंडर लोकांप्रमाणे मैद्याची खळ वापरली, तिच्यात कसर लागू नये म्हणून मोरचूद घातले, आणि अशी खळ पुढे पाण्याने सोडवता येते. नंतरच्यांनी सोयीसाठी पांढरा फेव्हिकॉल घेतला. तो पक्का धरतो, आणि पक्का धरतो म्हणूनच खालचा कागद खराब झाल्यावर वरचा सुटा करून घेता येत नाही. वाळलेल्या खळीला येणाऱ्या मंद तुकतुकीवरून आणि फेव्हिकॉलच्या बाहेर ओघळलेल्या, पारदर्शक झालेल्या थेंबांवरून कोणते काम कशाने चिकटवले आहे हे बरेचसे ओळखता येते, पण पाहणाऱ्याने हे ओळखत बसावे अशी अपेक्षा करणे बरोबर नाही. सगळ्या पाट्यांवर साहित्याविषयी ‘मिश्र माध्यम’ एवढाच मजकूर कन्नड आणि इंग्रजीत आहे. चामडे, वाळू, तिकिटे, पहाणीपत्रक, खळ, दोरा, असे साहित्य नावानिशी लिहिले असते तर ‘शाळेतले चिकटकाम’ म्हणणारे गृहस्थही कदाचित एक पाऊल पुढे आले असते. मराठीतून पाट्या असाव्यात हेही मी अभिप्रायवहीत लिहिले आहे. येणाऱ्यांत मराठी वाचणारे बरेच आहेत आणि कामांत तर मराठी कागदच भरलेले आहेत.

दालनावर लक्ष ठेवणाऱ्या काकांविषयी लिहिलेच पाहिजे. सार्वजनिक संग्रहात पहारेकरी म्हणजे लांब उभे राहायला सांगणारा माणूस, असा आपला अनुभव असतो. मी शिक्क्याच्या कोपऱ्याकडे वाकून बघत असताना ते मागे येऊन उभे राहिले, आणि आता बोलणी खावी लागणार असे वाटत असतानाच म्हणाले, “आणि जवळ जावा की. हात लावू नकासा म्हंजे झालं.” पुढे त्यांनी आपणहून मोबाइलचा दिवा बाजूने धरून फाटक्या कडांची सावली दाखवली आणि चामड्याच्या कामातील खिळे कोठल्या दुकानातले असावेत यावर आपले मतही दिले. मांडणी करणाऱ्या मंडळींनी त्यांना एकदा विचारले असते तर दिव्यांचा घोळ झाला नसता. शाळेतील मुलांना नेणाऱ्या शिक्षकांनी त्यांच्याकडूनच माहिती घ्यावी. मुलांना ‘सर’ आणि ‘बाई’ यांच्यापेक्षा त्यांचे बोलणे जास्त कळते असे त्या दिवशी आलेल्या एका वर्गाकडे पाहून वाटले.

प्रवेशाला पैसे लागत नाहीत. दुपारी जेवणाच्या सुट्टीत दार बंद असते, त्यामुळे सकाळी जाणे बरे, कारण पूर्वेच्या खिडकीतून येणारे तिरपे ऊन तेव्हा समोरच्या भिंतीवर, कागदपत्रांच्या मोठ्या कामाच्या बाजूला पडते आणि कडा जरा तरी उठतात. (हे ऊन त्या कागदाला मारक आहे, हे मी काकांना सांगितले आहे, पडदा लागेपर्यंत त्याचा लाभ घेण्याचा दुटप्पीपणा वाचकांनी आपापल्या जबाबदारीवर करावा.) खुर्च्या नाहीत, ज्येष्ठांनी ते लक्षात घ्यावे. साठ्यात आणखी कामे गुंडाळून ठेवलेली आहेत आणि आधी अर्ज केल्यास ती टेबलावर मांडून दाखवतात. काचेशिवाय कोलाज पाहण्याची ही संधी दालनापेक्षाही मोलाची आहे.

दालनाची एक पुस्तिकाही विक्रीला आहे. छपाई स्वच्छ आहे, कागद चांगला आहे, पण छायाचित्रे समोरून सपाट उजेडात काढल्यामुळे चामड्याचे काम त्यात तपकिरी नक्षीच्या चादरीसारखे दिसते आणि जांभळ्या शिक्क्याच्या दोन अर्धांमधली रेघ तर छापलीच गेलेली नाही. प्रस्तावना वाचली नाही तरी चालेल. शेवटच्या दोन पानांवर मात्र प्रत्येक कामाचे माप, साल आणि वापरलेल्या साहित्याची सविस्तर नोंद आहे, म्हणजे पाट्यांवर जे हवे होते ते नेमके तेथे आहे. पुस्तिका आत शिरतानाच विकत घ्यावी, ती दोन पाने उघडून हातात ठेवावीत आणि खणाची कामे ओलांडून थेट डावीकडच्या भिंतीपासून पाहायला सुरुवात करावी.